सापसंदाची रुजवात

पस्तीस वर्षे महसूल खात्यात लेखणी झिजवून आणि त्या झिजेच्या प्रमाणात निवृत्तिवेतन पदरात पाडून घेऊन मी वरवट बकाल येथे घर बांधून राहिलो, त्या दिवसापासून माझ्या नावची पत्रे, लग्नाच्या आमंत्रणपत्रिका आणि एकदा तर साक्षात माझे व्याही हे सारे नियमाने वरवट खंडेराव येथे जाऊन पोचू लागले. संग्रामपूर तालुक्यात वरवटे दोन आहेत. एक बकाल, म्हणजे जुन्या दफ्तराच्या भाषेत वाणी. आणि दुसरे खंडेराव, म्हणजे अर्थातच खंडेराव. बाहेरगावच्या मनुष्याने नुसते ‘वरवट’ एवढेच सांगितले की त्याचे पुढील आयुष्य सर्वस्वी वाटसरूंच्या सौजन्यावर अवलंबून राहते. व्याही तेथील पारावर भर उन्हात अडीच तास बसून राहिले आणि ‘तुमच्या गावात तुम्हाला काळे कुत्रे विचारीत नाही’ असा शेरा मारून, सोबत आणलेल्या करंज्यांसह परत गेले.

स्वीडन देशाच्या लिनियस नामक पंडिताने १७५३ साली एक ग्रंथ सिद्ध करून प्रत्येक वनस्पतीस एक कुळीचे आणि एक स्वतःचे अशी दोन नावे देण्याचा प्रघात पाडला, त्याबद्दल जग त्याचे गोडवे गाते. महसूल खात्यात हे कार्य बुद्रुक, खुर्द, बकाल, खंडेराव अशा उपपदांनी कितीतरी आधीपासून बिनबोभाट चालले होते. फक्त आमच्यापैकी कोणी त्याचा ग्रंथ केला नाही, कारण आमचा वेळ नकला देण्यात जाई. सांगण्याचे तात्पर्य, ज्या मनुष्याने पस्तीस वर्षांत बुद्रुक आणि खुर्द यांमध्ये कधी गल्लत केली नाही (एकदा केली होती, ते प्रकरण यथावकाश दप्तरदाखल झाले), त्याला आपल्याच अंगणातील एक वेल ओळखता येऊ नये, ही गोष्ट मला स्वतःलाही सहजासहजी मान्य होण्यासारखी नव्हती.

प्रकरणाचा प्रारंभ एका धामणीपासून झाला. परसातल्या तुराट्यांच्या ढिगाऱ्यातून ती एके दिवशी संध्याकाळी बाहेर आली, आमच्या मंडळींकडे तिने क्षणभर पाहिले, मंडळींनी तिच्याकडे पाहिले, आणि उभयतां विरुद्ध दिशांना धावत सुटल्या. धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, ती शेतकऱ्याची मित्र होय, इत्यादी मुद्दे मी रात्री जेवताना सविस्तर मांडले. त्यावर “मित्र तुमची असेल, तिला तुमच्या खोलीत ठेवा,” असा निकाल मिळाला, आणि त्यावर अपील करण्याची सोय आमच्या घरात नाही. दुसऱ्या दिवशी ही वार्ता गावभर झाली. सल्ला देण्याच्या कामी आमच्या गावाने आजवर कोणाला विन्मुख पाठविलेले नाही. कोणी गंधक सुचविले, कोणी मोर पाळावयास सांगितले. परंतु सर्वांचे एकमत झाले ते सापसंदावर. सापसंदाची वेल दारी असली की तिच्या वासाने साप कुंपणाच्या आत पाऊल टाकीत नाही, असे एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले. सापाला पाऊल नसते हा मुद्दा मी भिडेपोटी उपस्थित केला नाही.

मी शहरातील एका रोपवाटिकेत गेलो. मालक सुस्वभावी होता. त्याच्याकडे जे मागावे ते असे; किंबहुना जे मागितले जाई, तेच नाव हाताशी असलेल्या रोपास तत्काळ प्राप्त होई.

“सापसंद आहे का?”

“आहे की साहेब.” त्याने जवळचीच एक कुंडी पुढे केली.

“हाच सापसंद कशावरून?”

“साहेब, ओरिजिनल आहे.”

ज्या वस्तूबद्दल विक्रेता ‘ओरिजिनल’ हा शब्द आपणहून उच्चारतो, त्या वस्तूचा पंचनामा तिथल्या तिथे करावा, हे शहाणपण मला पुढे सुचले. त्या क्षणी मी १५० रुपये मोजले आणि ती कुंडी मांडीवर घेऊन एसटीने घरी आलो.

वेल जोमाने वाढली. सुरुवातीला मी तिच्या बुडाशी मजूर लावून, काळ्या जमिनीत आपोआप माजणारे एक घाणेरड्या वासाचे, जमिनीसरपट पसरणारे तण मुळासकट उपटून काढविले. कारण १५० रुपयांच्या वेलीचे पोषण त्या फुकट्याने खावे हे मला रुचले नाही. या तणाचा उल्लेख वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा. पुढे त्याची जबानी व्हावयाची आहे. दोन पावसाळ्यांत वेल फाटकाच्या कमानीवर चढली. पाने हृदयाच्या आकाराची, फिकट हिरवी, गुळगुळीत; आणि येथूनच माझ्या मनःशांतीचा ऱ्हास सुरू झाला. हृदयाच्या आकाराचे पान ही सृष्टीतील अत्यंत बेजबाबदार वस्तू आहे. गुळवेलीचे पान तसेच, विड्याचे तसेच, पहाडवेलीचे जवळपास तसेच. पिंपळानेही तोच नमुना थोडी शेपटी जोडून वापरला आहे.

फाटकातून आत येणारा प्रत्येक इसम वर पाहू लागला, आणि वर पाहणारा प्रत्येक इसम नाव सांगू लागला. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, पहाडवेल. दूध घालणारा म्हणाला, खाऊच्या पानाची असेल, एखादे तोडून चुना लावून पाहा. ग्रामपंचायतीतील एक सदस्य बराच वेळ निरीक्षण करून म्हणाले, “ही औषधी आहे.” कोणत्या रोगावर, असे विचारता “सगळ्याच,” असे उत्तर आले. ‘मला ठाऊक नाही’ हे मराठीतील तीन साधे शब्द आहेत. परंतु त्या सबंध वर्षात माझ्या फाटकाखाली ते एकदाही उच्चारले गेले नाहीत, आणि मला सत्य सांगितले पाहिजे, मीही त्यांत भर घातली नाही. मी प्रत्येकास “सापसंद!” असे ठणकावून सांगत होतो, आणि माझ्यापाशी आधार काय, तर तो एक ‘ओरिजिनल’.

अशातच अकोल्याचे आमचे मेहुणे आले. करोनाच्या साथीत ज्या अनेकांना गुळवेलीचा साक्षात्कार झाला, त्यांपैकी ते एक होत. त्यांनी बॅग ओट्यावर ठेवण्यापूर्वीच कमानीकडे बोट दाखविले.

“भाऊजी, घरात अमृत आहे आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“तो सापसंद आहे.”

“गुळवेल आहे. मी रोज पितो, मला सांगता?”

पहाटे उठून त्यांनी हातभर वेल कापली, ठेचली आणि चुलीवर चढविली. तिच्या वासाने आमचे मांजर घर सोडून गेले. मेहुण्यांनी पेला ओठाला लावला, आणि तेवढ्यात त्यांची बहीण स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, “दादा, आधी ह्यांना पिऊन बघू दे.” या एका वाक्याने दोघांचे प्राण वाचले, कारण मी साफ नकार दिला, आणि माझा नकार पाहून मेहुण्यांच्या श्रद्धेलाही तडा गेला.

विनोद सोडून येथे एक हकीकत सांगितली पाहिजे. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे १९९० नंतरच्या काळात एका चिकित्सालयात स्त्रियांना वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींची चूर्णे दिली जात. त्यांत ‘हान फांग ची’ नावाचे मूळ घालावयाचे होते. हे मूळ गुळवेलीच्याच कुटुंबातील एका वेलीचे. चीनमध्ये ‘ग्वांग फांग ची’ नावाचे दुसरे एक मूळ मिळते, ते सापसंदाच्या वंशातील वेलीचे. व्यापाराच्या वाटेवर कोठेतरी खंडेरावाचा माल बकालाच्या नावावर चढला, आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ मध्ये डॉक्टरांनी हे प्रकरण उघडकीस आणले. या वंशातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडास मारक असून त्याने कर्करोगही होतो, हे आता निर्विवाद ठरले आहे. ज्या गल्लतीने ब्रुसेल्समध्ये हाहाकार उडाला, नेमकी तीच गल्लत आमच्या ओट्यावर एका पेल्यात वाफाळत उभी होती. आमच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या दुखण्यांची आधीच वाण नाही. त्यात मेहुण्यांची भर नको होती. काढा मी खड्ड्यात ओतला.

यानंतर मात्र वेलीची कायदेशीर रुजवात करून घ्यावयाची, असा मी निर्धार केला. ग्रंथ जमविले. थिओडोर कुक या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो महाग्रंथ प्रसिद्ध केला, त्याची प्रत मोठ्या खटपटीने मिळविली. परंतु कुकसाहेबांची हद्द इलाख्याबरोबर संपते आणि वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हते, त्यामुळे आमचा सापसंद आणि त्याच्याच वंशातील आमचा किडामार यांची नोंद त्यांनी परक्या हद्दीत उभे राहून केलेली आहे. मग वामन गणेश देसायांचा ‘ओषधीसंग्रह’ उघडला, निघंटू चाळले. निघंटूंत एका वनस्पतीला इतकी नावे असतात की एखाद्या फरारी इसमाच्या उर्फांची यादी वाचतो आहोत असे वाटावे; आणि पुढच्याच पानावर त्यांपैकी निम्मी उर्फे दुसऱ्याच वनस्पतीच्या खात्यावर चढविलेली आढळतात. सापसंदास ईश्वरी म्हणावे, नाकुली म्हणावे. आणि नाकुली म्हटले की सर्पगंधा पुढे येऊन ‘ते नाव माझे’ म्हणून वहिवाटीचा दावा सांगते. किडामारास कीटमारी हे एक सरळ नाव आहे, आणि धूम्रपत्रा हे एक सुंदर नाव आहे, ज्याने तो ओळखला जाण्याची शक्यता पार नाहीशी होते.

पाश्चात्त्य पंडित या बाबतीत आपल्याहून शिस्तीचे असतील, ही माझी समजूतही टिकली नाही. किडामारास १७८३ साली लामार्क या फ्रेंच पंडिताने ‘ब्रॅक्टिओलाटा’ असे नाव दिले. काही वर्षांनी रेट्झियस नावाच्या दुसऱ्या पंडिताने त्याच झाडाचे स्वतंत्रपणे बारसे करून ‘ब्रॅक्टिआटा’ म्हणून घोषित केले. आता पहिला फेरफार कायम आणि दुसरा रद्द, हे कोणताही तलाठी सांगेल. परंतु जुन्या पुस्तकांत रद्द झालेले नावच मिरवत असते. दोन नावांत फरक दोन अक्षरांचा. त्या दोन अक्षरांवर मी एक रविवार घालविला. वंशाचे नाव ‘ॲरिस्टोलोकिया’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘उत्तम बाळंतपण’. फुलाचा आकार गर्भाशयासारखा दिसतो म्हणून प्राचीन युरोपातील सुइणी हे मूळ बाळंतिणींना देत असत. आकार पाहून गुण ठरविण्याची ही रीत आमच्या मेहुण्यांच्या रीतीहून फारशी निराळी नव्हती.

आता ओळखीची लक्षणे. शास्त्रीय ग्रंथांत यासाठी ‘किल्ली’ नावाचा एक छळप्रकार असतो. पहिले कलम विचारते, अमुक आहे की नाही? असल्यास पाचव्या कलमाकडे जा, नसल्यास दुसऱ्याकडे. सरकारी कचेरीत खिडकी क्रमांक दोनवरून पाचवर आणि पाचवरून परत दोनवर जाण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांना ही किल्ली नवीन नाही. आणि मी तर आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूस बसलेलो, त्यामुळे नियतीने माझा हिशेब येथे चुकता केला असे मी मानतो. खरा सापसंद म्हणजे ‘ॲरिस्टोलोकिया इंडिका’. त्याचे मूळ काष्ठमय, वेल आधाराला पीळ घालून चढणारी, आणि पान? पान कधी निरुंद व लांबट, कधी टोकाकडे रुंद, कधी मध्ये आवळलेले, सारंगीच्या घाटाचे. ‘पाने अत्यंत विविधाकार’ एवढे लिहून ग्रंथकार मोकळे होतात. ज्याचे वर्णन ‘काहीही असू शकेल’ असे आहे, तो माझा नाही हे सिद्ध कसे करावयाचे? मी शेतमोजणीची फीत आणून चौदा पाने मोजली, त्यांचा तक्ता केला, सरासरी काढली. सरासरी अत्यंत नेमकी आली. फक्त ती कशाची होती ते कळेना. आणि उरलेली सारी कलमे फुलाविषयी होती. फुलाच्या देठाशी छद आहे काय? नळी सरळ की वाकडी? ओठ हिरवा की जांभळा? माझ्या वेलीस दोन वर्षांत फूल आलेले नव्हते.

तेव्हा मी पुस्तके मिटून साक्षीदार बदलला. काळ्या पंखांचे, लाल अंगाचे ‘कॉमन रोज’ नावाचे एक फुलपाखरू आहे. त्याची मादी अंडी घालते ती मुख्यतः याच वंशाच्या वेलींवर. ती पानावर उतरते, पुढचे पाय पानावर टपटप वाजविते, आणि त्या पायांनीच पानाची चव घेऊन वंश ओळखते. ना किल्ली, ना फीत. तिच्या अळ्या ते विष खाऊन अंगात साठवितात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. असा निःस्पृह तज्ज्ञ फुकट उपलब्ध असताना मी इतके दिवस निघंटू चाळीत बसलो, याची मला लाज वाटली. मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. तिसऱ्या दिवशी ते आले! तांबड्या ठिपक्यांचे, पांढऱ्या पट्ट्याचे, शेपटीवाले, काळेभोर. माझ्या वेलीवरून ते तरंगत गेले, वेलीकडे ढुंकूनही न पाहता परसात शिरले, आणि गोडलिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर त्याने पद्धतशीर अंडे घातले.

मी आत जाऊन जाहीर केले की आपण इतकी वर्षे ज्याची फोडणी देत आलो, तो गोडलिंब वस्तुतः विषारी ॲरिस्टोलोकिया आहे.

घरात तीन दिवस फोडणीत गोडलिंब पडला नाही. चौथ्या दिवशी एका जाणत्याने सांगितले की ते ‘रोज’ नव्हतेच. ते ‘कॉमन मॉर्मन’ची मादी होती. तिच्या अंगात विष नाही. गोडलिंबावर आणि लिंबावर वाढलेला तो साधा जीव. परंतु पक्ष्यांनी आपल्याला विषारी समजावे म्हणून तिने ‘रोज’चा हुबेहूब पोशाख शिवून घेतला आहे. फरक एवढाच, खऱ्याचे अंग लाल असते, तोतयाचे काळे. पंखांकडे पाहिले की माणूस फसतो, अंगाकडे पाहावे. पेशव्यांच्या काळात तोतये उभे राहिले तेव्हा त्यांना ओळखण्यासाठी म्हणे बरेच पंच बसवावे लागले. माझ्याजवळ तेवढे पंच नव्हते.

शेवटी खरा उलगडा झाला तो गावाबाहेरच्या एका धुऱ्यावर. भाद्रपदाचे दिवस होते, पराटी कंबरेला लागली होती. मी धुऱ्याने खाली मान घालून चाललो असता गुरे राखणारे एक आबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ माझ्याकडे पाहत होते.

“काय हरपलं का साहेब?”

“सापसंद शोधतो आहे, आबा.”

“सापसंद इथं कुठी भेटते? तो वर, सातपुड्याकडं असन त असन. इथं हे किडामार हाये.”

“कुठे आहे किडामार?”

“तुमच्या पायाखाली.”

मी पाय उचलला. जमिनीला चिकटून पसरलेली, राखाडी झाक असलेली, मूत्रपिंडाच्या आकाराची पाने; आणि चुरगळताच तो वास. तो वास मी ओळखला. मजूर लावून, रोख पैसे मोजून, मुळासकट जे मी माझ्या अंगणातून हद्दपार केले होते, तेच हे.

“ढोराच्या जखमीत आळ्या पडल्या का याचा पाला वाटून भरतो आमी,” आबा म्हणाले. “तुमच्या आंगनातई होतं की. तुमी त उपटून फेकलं. म्या म्हनलं, साहेबाले काही कारण असन.”

माझ्या पस्तीस वर्षांच्या सेवेत माझ्या मूर्खपणाबद्दल इतका आदर कोणी दाखविला नव्हता.

मी तेथेच चिखलात बसलो. पानांच्या बगलेत फूल होते, बोटाच्या दोन पेरांपेक्षा लहान. देठाशी एक गोल, पानासारखे छद, ज्याच्यावरून लामार्कने त्याचे नाव ठेवले. खाली फुगीर कोठी, तिच्यावर बारीक नळी, आणि नळीच्या तोंडाशी जिभेसारखा लांबट ओठ, काळपट जांभळा, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचा. आबांच्या चुन्याच्या डबीच्या पत्र्याने मी ते उभे चिरले. नळीच्या आतल्या बाजूस केस होते, सारे आतल्या दिशेने वळलेले. आणि खालच्या कोठीत दोन चिलटे जिवंत फिरत होती.

हा सारा हवालातीचा कारखाना आहे. कुजकट वासाने चिलट नळीत उतरते. केस आत जाऊ देतात, बाहेर येऊ देत नाहीत. पहिल्या दिवशी फूल केवळ मादीच्या अवस्थेत असते. कैद्याच्या अंगावर आधीच्या फुलाचा पराग असला तर तो जप्त केला जातो. रात्र कोठडीत जाते. पुढे फुलाचे परागकोश फुटतात, कैद्याच्या अंगावर नवा पराग चढतो, नळीतले केस कोमेजतात आणि जामिनावर सुटका होते. सुटलेला कैदी उडतो, आणि काही वेळाने दुसऱ्या फुलाच्या दारात पुन्हा त्याच वासाला भुलून उभा राहतो. मी त्या दोघांना मुदतीपूर्वी सोडून दिले. ते उडाले आणि वीतभर अंतरावरील शेजारच्या फुलात शिरले.

“पाह्यलं?” आबा म्हणाले. “तुमी मोकळं केलं त काय झालं.”

फुलावरून नजर काढतो तोच एक काळे फुलपाखरू आले. या वेळी मी शहाणा होऊन आधी अंगाकडे पाहिले. अंग लाल होते. ते पानावर उतरले, पुढच्या पायांनी टपटप केले, आणि अंडे ठेवून गेले. माझ्या दीडशे रुपयांच्या वेलीवरून जे तोतया फुलपाखरू तरंगत गेले होते, त्याच्या पंखांत आणि ह्याच्या पंखांत मला आजही फरक दाखविता येणार नाही.

त्यानंतर महिनाभराने कमानीवरची वेल फुलली. सकाळी मंडळींनी हाक मारली तेव्हा त्यांच्या आवाजात भय होते. वेलीवर पंज्याएवढ्या रुंदीची, तपकिरी-किरमिजी रंगाची, पांढऱ्या नक्षीने भरलेली, छिटाच्या कापडासारखी फुले लोंबत होती. मागची नळी चिलमीसारखी वाकलेली, घशाशी पिवळा डाग. किल्ली मी धूळ झटकून काढली आणि आयुष्यात प्रथमच तिच्या शेवटच्या कलमापर्यंत पोचलो. ‘ॲरिस्टोलोकिया लिटोरॅलिस.’ मुक्काम मूळचा ब्राझील. पानाच्या बेचक्यात खोडाला कवटाळून बसलेले कानाएवढे गोल उपांग हे तिचे लक्षण फूल नसतानाही दिसत होते. मी चौदा पाने मोजली, पण पानाच्या बुडाशी पाहिले नाही. हिलाही दोन नावे आहेत, ‘एलेगन्स’ हे १८८५ चे आणि ‘लिटोरॅलिस’ हे १८७८ चे. निकाल आता मला तोंडपाठ आहे. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाची मोठी फुलपाखरे ही वेल आपल्या नेहमीच्या वेलींपैकीच समजून तिच्यावर अंडी घालतात आणि अळ्या विषाने मरतात, हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. पायांनी चव घेणारेही फसतात.

मी रोपवाटिकेत गेलो.

“तुम्ही दिलेला सापसंद ब्राझीलचा निघाला.”

“ब्राझीलचा?” मालकाचा चेहरा उजळला. “साहेब, मग तर तुम्हाला फार स्वस्तात पडला!”

घरी येऊन मी फाटकावर पत्र्याची पाटी लावली: ‘ही वेल सापसंद नाही. गुळवेल नाही. औषधी नाही. खाऊ नये.’ त्या दिवसापासून सापसंदाची फांदी मागावयास येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली आहे. इतक्या निक्षून नाही म्हणतात त्याअर्थी वस्तू अस्सल असणार, असा लोकांचा कयास आहे. गेल्या आठवड्यात कमानीवरची वाळकी पाने काढताना वरच्या पिळांत गुंतलेली सहा फूट लांबीची कात सापडली. धामणीचीच होती. ती मी मंडळींना दाखविलेली नाही, आणि हा लेख छापून येईपर्यंत दाखविण्याचा विचारही नाही.

किडामार मी आबांकडून आणून परसात पुन्हा लावला आहे. आबांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, पण घरी जाऊन ते बराच वेळ हसले असे कळते. खऱ्या सापसंदाचे बोंड पिकल्यावर देठाकडून उकलते आणि शिंक्यासारखे वेलीला लोंबत राहते, असे वाचून आहे. ते पाहण्याची इच्छा मात्र अद्याप अपुरी आहे. वाचकांपैकी कोणाच्या दारी असे शिंके लोंबत असेल, तर त्यांनी चार बिया पाकिटात घालून माझ्या नावे अवश्य पाठवाव्यात. पत्त्यावर ‘वरवट’ बारीक लिहिले तरी चालेल, परंतु ‘बकाल’ कृपा करून ठळक अक्षरांत लिहावे. नाहीतर सापसंद खंडेरावात उगवेल.